सत्ताविसावी खुंटी

५ मार्च, शुक्रवार, दुपारी, दुकानातून

दादा,

फाडू नकोस. आधी वाच, मग फाड. मोठ्या माणसाला पत्राच्या सुरुवातीला काय काय लिहायचं असतं ते शाळेत शिकवलं होतं, पण त्या दिवशी मी बाकाखाली बसून पुढच्या पोरीच्या वेणीला डबा बांधत होते. त्यामुळे नुसतंच दादा.

फोन तू उचलत नाहीस. बरोबर आहे तुझं. बसथांब्यावर 'लग्नाळू तरुण, स्वयंपाक येतो, बोलायला लाजतो' असं लिहून खाली तुझा नंबर दिला, तेव्हा मला वाटलं दोन-चार फोन येतील. एकसष्ट येतील असं वाटलं नव्हतं. तुझा पत्ता तू आईला शाल पाठवलीस त्या पार्सलवरून उतरवून घेतला.

समोर सायकलची ट्यूब पाण्यात बुडवून ठेवलीय, गिऱ्हाईक शिव्या घालून गेलं आणि मला पंक्चर कुठे आहे ते दिसत नाहीये. खोटं नाही बोलत. सकाळपासून मी सुन्न आहे.

काल सकाळी मळ्याच्या फाटकाजवळच्या अंजिराला कुणीतरी एक नोटीस लावली. शिक्का मारलेली. एक मोठी कंपनी मळ्याची जागा घेणार, तिथे बदकांसाठी पोहण्याचा तलाव करणार, आणि त्याबदल्यात मळ्यात वाफा असलेल्या प्रत्येक घराला नव्या इमारतीत एक फ्लॅट. लिफ्ट असलेला. बाल्कनीत दोन कुंड्या मावतील. ज्यांना पाहिजे त्यांनी आपल्या वाफ्याची खुंटी पुरावा म्हणून उपटावी आणि शुक्रवारी सकाळपर्यंत फाटकाशी ठेवलेल्या टोमॅटोच्या क्रेटमध्ये टाकावी.

बदकं, दादा. बदकांसाठी तलाव.

आणि मळा विकता येत नाही हे तर आपल्याकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. बावीस वर्षांपूर्वी सगळ्यांनी मिळून तो भंगाराचा उकिरडा घेतला तेव्हाच कागदावर लिहून ठेवलंय, जमीन सगळ्यांची, कुणा एकाची नाही, विकायचं नाव काढायचं नाही. आपल्याला फक्त वाफा कसायचा हक्क, आणि हक्काची खूण म्हणजे खुंटी. खुंटी उभी असेल तर तू सभासद. स्वतःच्या हातानं उपटलीस की तू सोडून गेलास. पाढ्यांच्या आधी हे पाठ झालं होतं आपलं.

आज सकाळी साडेसहाला दुकान उघडायला निघाले, वाटेत फाटकातून डोकावले. म्हटलं, क्रेटमध्ये फार तर एखादा सडका टोमॅटो असेल.

सव्वीस खुंट्या. अडतीस घरांतल्या सव्वीस. सगळ्यात वर न्हावीकाकांची, कात्री कोरलेली. तिच्याखाली घड्याळवाल्याची. मुळाशी माती अजून ओली होती. काही तर पुसून, नीट ओळीत रचून ठेवल्या होत्या, जसं काही परीक्षेला पेन्सिली मांडल्यात. माझ्या तोंडात माशी गेली असती तरी मला कळलं नसतं.

तुझं बोलणं आठवलं. तीन वर्षांपूर्वी बैठकीत उठून तू म्हणालास, "विकायची सोय नाही म्हणून तुम्ही सगळे एकनिष्ठ. उद्या कुणी काही देऊ केलं तर खुंट्या उपटून रांगेत उभे राहाल." आणि बाबांनी सगळ्यांसमोर तुझ्या कानाखाली वाजवली. तो आवाज मला अजून ऐकू येतो. तू दुसऱ्या दिवशी गेलास. खुंटी मात्र उपटली नाहीस. ती आहे जागेवर. तू बैल कोरायला गेलास आणि बटाटा झाला, ती.

बाबांची खुंटी क्रेटमध्ये नव्हती. हे आधीच सांगून टाकते. बाबांची जागेवर आहे.

नोटीस कुणी लावली ते अजून कळलेलं नाही. शोध चाललाय.

आई बरी आहे. खिडकीत बसलेली असते.

तुझी
माकड


८ मार्च, सोमवार

दादा,

नोटीस मी लावली.

हसू नकोस. किंवा हस, कुणीतरी हसायलाच पाहिजे, त्यासाठीच लावली होती. दुकानाशेजारच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून घेतली. शिक्का बटाट्याचा. अर्धा कापला, त्यावर चमच्यानं बदक कोरलं, शाईत बुडवला आणि ठोकला. बटाटा आपल्याच वाफ्यातला, म्हणजे अगदीच काही बाहेरचा माल नाही.

का लावली ते सांगते. क्रेट रिकामा राहणार होता. मला शंभर टक्के खात्री होती. मी त्या रिकाम्या क्रेटचा फोटो काढणार होते आणि तुला पाठवणार होते. खाली लिहिणार होते, 'बघ, हरलास. ये आता गपचूप आणि बाबांना सॉरी म्हण.' बास. एवढाच बेत होता. कॅमेरा पुसून ठेवला होता मी.

शुक्रवारी आठ वाजता फाटकाशी कोण उभं असावं? न्हावीकाका. कोट घालून, केसाला तेल चोपडून, कंपनीच्या साहेबाची वाट बघत. त्यांच्यामागे आणखी पाच-सहाजण, सगळे एकमेकांकडे न बघता. नऊ वाजले. दहा वाजले. मग बीवाल्या मावशी आल्या. तुला त्यांचं माहितीच आहे, नियमाची वही छातीशी आणि बियांच्या कपाटाच्या किल्ल्या कमरेला, झोपताना पण काढत नसतील. त्यांनी नोटीस वाचली. क्रेटकडे बघितलं. काकांना म्हणाल्या,

"तुझी खुंटी कुठाय?"

"मावशी, ते जरा..."

"कुठाय?"

"क्रेटमध्ये."

"स्वतः उपटलीस?"

काकांनी कोटाचं बटण लावलं, परत काढलं. "आता हात तर माझेच होते."

मावशी क्रेटशेजारी बसल्या आणि एक एक खुंटी उचलून वहीत नाव लिहायला लागल्या. कुणाला ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. सव्वीस नावं लिहिली आणि वही मिटली. म्हणाल्या, "म्हणजे सव्वीस घरं सोडून गेली. महिनाअखेरपर्यंत वाफे मोकळे ठेवू, मग यादीतल्यांना बोलावू."

यादी म्हणजे वाफ्याची वाट बघणारी एकोणीस घरं, आठवतं ना? त्यांतली एक नवीन लग्न झालेली जोडी रोज कुंपणापाशी उभी राहून आत बघत असते. त्या बाईला ही बातमी कळली तेव्हा ती रडायला लागली म्हणे. आनंदानं. तिचं काय चुकलं? मला मात्र तोंड लपवायला जागा उरली नाही.

मी कुणाला सांगितलेलं नाही की मी केलं. लोक कंपनी शोधतायत. घड्याळवाला तर म्हणतो, कंपनी खरीच आहे, आपण घाई केली म्हणून ते बिचकले. दादा, मी आजवर लोकांच्या चपला चिकटवल्या, गजराची घड्याळं पुढे केली, तुला सुद्धा साखरेच्या बरणीतून मीठ खाऊ घातलं. दर वेळी लोकांना शेवटी कळायचं. या वेळी त्यांना कळायलाच नकोय.

रविवारी बैठक आहे. बाबा तीन दिवस माझ्याशी एक अक्षर बोललेले नाहीत. आधी कसे 'कार्टे' म्हणून हाक मारायचे, तेसुद्धा नाही.

माकड


१४ मार्च, रविवार, बैठकीनंतर

दादा,

पहिल्या पत्रात मी एक खोटं लिहिलं. सव्वीस नव्हत्या. सत्तावीस होत्या.

सत्ताविसावी बाबांची होती. नळ कोरलेली. क्रेटच्या अगदी तळाशी, म्हणजे सगळ्यांत आधी टाकलेली. मी ती हातात घेतली तेव्हा मला काय झालं ते सांगता येणार नाही. माझे बाबा, ज्यांनी त्या बोलण्यावरून तुला मारलं. बावीस वर्षं मळ्याचं पाणी सोडतात, एक दिवस सुट्टी नाही. मी ती शर्टात लपवली, पळत गेले आणि त्यांच्या वाफ्यावर परत ठोकली. दगडानं. कुणीही बघितलं नाही. निदान मला तसं वाटलं.

आज बैठकीला बियांच्या खोलीत बसायला जागा नव्हती. मावशींनी वहीतला नियम वाचून दाखवला. आपल्याला तो माहीत होता, पण कधी लागलाच नव्हता. नवा सभासद आला की त्याची खुंटी कोण ठोकतो? ज्याच्या वाफ्यातून त्याला पाणी येतं तो, वरचा शेजारी. म्हणजे त्यानं कबूल केलं की या माणसाला मी पाणी देईन. तसंच सोडून गेलेल्याचं. त्याला परत यायचं असेल तर वरच्या शेजाऱ्यानं, सगळ्यांसमोर नाहीतर साक्षीदार ठेवून, स्वतःच्या हातानं त्याची खुंटी ठोकायची. महिना संपायच्या आत. स्वतःची स्वतः ठोकली तर ती धरत नाहीत.

लोकांना जरा धीर आला. मग न्हावीकाका उठले. शरमेनं माणूस जरा जास्तच बोलतो ना, तसे. बाबांकडे हात करून म्हणाले, "सगळे घसरलो, पण एक माणूस बघा. हलला नाही. याला म्हणायचं वाघ."

लोक टाळ्या वाजवायला लागले, दादा.

बाबा उभे राहिले. गुडघ्यावर हात ठेवून, हळूहळू. म्हणाले, "माझी पण होती."

टाळ्या थांबल्या.

"मी टाकली. सगळ्यांच्या आधी. सकाळी बघितलं तर परत जागेवर. पण माझ्या खुंटीवरच्या नळाचं तोंड पाटाकडे असतं, पाणी येतं त्या बाजूला. ज्यानं ठोकली त्यानं तोंड रस्त्याकडे केलं. म्हणजे मळ्यात काम करताना ज्याचं लक्ष रस्त्याकडे असतं, त्यानं." आणि माझ्याकडे बघितलं.

मी उभी राहिले. म्हटलं, "खुंटी मी ठोकली. आणि नोटीस पण माझीच."

मला वाटलं आता चपला येतील. मग न्हावीकाका अगदी बारीक आवाजात म्हणाले, "मग बदकं?"

"काका, बदकांचा तलाव लिहिला होता मी. तुम्ही वाचलं नाही?"

"वाचलं की. मला वाटलं मोठी कंपनी आहे, असतील त्यांची बदकं."

कुणीतरी हसलं. मग कुणीच हसलं नाही. मावशींनी माझं नाव वहीत लिहिलं, नुसतं नाव, पुढे काही नाही. म्हणाल्या, "पुढे काय लिहायचं ते सुचलं की लिहीन."

घरी येताना जिन्यात मी बाबांना विचारलं. दुसऱ्या मजल्यावर ते दम खायला थांबतात तिथे. म्हटलं, "तुम्ही का टाकली? तुम्हाला तर माहीत होतं विकता येत नाही."

ते कठड्याला धरून उभे. म्हणाले, "माहीत होतं."

"मग?"

"लिफ्ट लिहिलं होतं ना त्यात."

दादा, तुला हे कुणी सांगितलेलं नाही, सांगायचं नाही असं ठरलं होतं, पण आता मी सांगते. आई गेल्या एप्रिलपासून खाली उतरलेली नाही. कंबर गेली. डॉक्टर म्हणाले तीन जिने विसरा. ती खिडकीत बसते. दोराला बांधलेली टोपली खाली सोडते, बाबा मळ्यातून आले की भाजी त्यात ठेवतात, ती वर ओढते. मी कधीकधी त्यात बेडूक ठेवते. ती ओरडते आणि मग खूप हसते. तू पाठवलेली शाल तिनं उघडली तेव्हा म्हणाली, "बाहेर जाताना घेईन." बाहेर.

लिफ्ट हा शब्द मी लोकांनी हसावं म्हणून लिहिला होता.

बाबा पुढे म्हणाले, "आणि मला वाकवत नाही आता. एक पोरगा गेला. तू टवाळ. मी कुणासाठी वाफा धरून बसू?" रागावून नाही म्हणाले. पाणी किती वाजता सोडू विचारतात तशा आवाजात म्हणाले.

मी तिथेच पायरीवर बसले. अजून तिथेच बसल्यासारखं वाटतंय.


२३ मार्च, मंगळवार

दादा,

तुझं उत्तर नाही. मला माहितीय तू पत्रं वाचतोस. वाचत नसशील तर हे वाचू नकोस.

रविवारी सकाळी खुंट्या ठोकायचं काम झालं. पाटाच्या वरच्या टोकाला मावशींचा वाफा, त्यांची खुंटी हललीच नव्हती. त्यांनी खालच्याची ठोकली, त्यानं त्याच्या खालच्याची, असं पाण्याबरोबर खाली खाली. आपल्याकडे असलं काही मी पाहिलं नव्हतं. मोठमोठी माणसं हातात खुंटी धरून रांगेत उभी, शाळेत प्रवेशाला उभी असतात तशी. न्हावीकाकांचं आणि घड्याळवाल्याचं सहा वर्षं बोलणं बंद होतं, भोपळ्याच्या वेलावरून. काकांची खुंटी घड्याळवाल्यानं ठोकायची होती. त्यानं हातोडी उचलली आणि थांबला. "भोपळा कुणाचा होता?" काका म्हणाले, "तुझा. आता ठोक बाबा, उन्हात उभा आहे मी." दोघांच्या डोळ्यांत पाणी, आणि दोघं म्हणतायत धूळ गेली.

आणि मग सगळं तुझ्या वाफ्यापाशी येऊन थांबलं.

तुझी खुंटी उभी आहे, त्यामुळे तू सभासद आहेस. वाफा पडीक नाही, मी वांगी लावलीत, घरच्यानं कसलं तर चालतं. पण तुझ्या खाली बाबांचा वाफा. तू अठरा वर्षांचा झालास तेव्हा बाबांनीच वरची जागा तुला दिली होती आणि स्वतः खाली सरकले होते, पाणी आधी पोराला मिळावं म्हणून. बाबांच्या खाली आणखी सहा वाफे, रस्त्याकडचे. तिकडे धूळ फार, ती माणसं आधीच वैतागलेली, त्या सगळ्यांनी उपटल्या होत्या. म्हणजे बाबांची तू ठोकल्याशिवाय त्यांना खालच्याची ठोकता येत नाही. सात घरं अडकलीत. दादा, तुझ्या एका हातोडीवर.

मी गप्प बसणार होते का? तुझ्या वाफ्यात मी बुजगावणं उभं केलंय, तुझा जुना निळा शर्ट घालून. ते उचलून आणलं, त्याच्या हाताला हातोडी बांधली आणि म्हटलं, "हा घ्या दादा. आला."

मावशी म्हणाल्या, "तोंड अगदी तसंच आहे. काही विचारलं तर बोलत नाही." सगळे हसले, बैठकीनंतर पहिल्यांदा. मला वाटलं जमलं. पण बाबांनी त्या शर्टाची कॉलर नीट केली, हातोडी सोडून घेतली आणि म्हणाले, "माणूस लागतो."

झालं. खालचे सहाजण बाबांकडे बघत राहिले.

तेव्हापासून काय चाललंय ते ऐक. बाबा रोज पहाटे पाणी सोडायला जातात. सगळ्या वाफ्यांना देतात. स्वतःच्याही. पण आत पाय ठेवत नाहीत. बांधावर उभे राहतात. टोमॅटो लालभडक झालेत, दोन फुटून खाली पडलेत, ते बघतात आणि परत येतात. मी तोडायला गेले तर म्हणाले, "ते आपले नाहीत." तुझी वांगी पण घेऊ देत नाहीत. "मालक नाहीये इथे," म्हणतात.

संध्याकाळी आई टोपली सोडते. टोपली रिकामी वर जाते. पहिल्या दिवशी तिनं विचारलं, "आज काही नाही?" बाबा खालून म्हणाले, "उद्या." दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं नाही. आज म्हणाली, "रिकामी मी ओढणार नाही," आणि टोपली तशीच खाली लोंबकळत ठेवलीय. येणारे जाणारे त्यात डोकावतात. एक कुत्रं पण डोकावलं.

जमीन कुठे जात नाही. ती राहील, यादीतली माणसं येतील, चांगलं पिकवतील. त्या कुंपणापाशी उभ्या राहणाऱ्या बाईला वाफा मिळाला तर मला वाईट वाटणार नाही. पण बाबा एक तारखेपासून सकाळी उठून कुठे जातील ते सांग. मला फक्त तेवढंच सांग.

तुझं म्हणणं खरं ठरलं. सत्तावीस वेळा खरं ठरलं. बाबांनी ते सगळ्यांसमोर मान्य केलं, त्याच खोलीत, जिथे तुला मारलं होतं. आणखी काय पाहिजे तुला? तू तिकडे त्या गोदामात आठ-आठ दिवस ट्रकमध्ये झोपून आलेली, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली भाजी मोजतोस. एक दिवस रजा टाक. एकतीस तारीख शेवटची.

हातोडी तुझ्या खुंटीला टेकवून ठेवलीय.


३१ मार्च, बुधवार, दुपारी बारा

दादा,

आज सकाळी सहा वाजता बाबांची खुंटी ठोकलेली होती.

सरळ, घट्ट, नळाचं तोंड पाटाकडे. हातोडी धुऊन, उलटी करून परत तुझ्या खुंटीला टेकवलेली.

बाबांनी पाहिलं आणि मला हाक मारली. जवळजवळ चार आठवड्यांनी पहिल्यांदा. "कार्टे!"

"मी नाही," म्हटलं.

"इकडे ये."

"बाबा, शप्पथ मी नाही!"

तोपर्यंत मळा भरला होता, शेवटचा दिवस म्हणून. सगळे माझ्याकडे बघत होते आणि प्रत्येकाच्या तोंडावर तेच. न्हावीकाका म्हणाले, "पोरी, पुरे आता. एकदा हसलो आम्ही." मी म्हटलं तोंड पाटाकडे आहे बघा, मी तर मागच्या वेळी चुकले होते. तर घड्याळवाला म्हणतो, "बैठकीत बाबांनी सांगितलं ना, आता तुला माहीतच आहे." मावशींनी वही उघडली. "साक्षीदार?"

साक्षीदार नव्हता. दादा, माझ्या आयुष्यात मी पहिल्यांदा खरं बोलत होते आणि माझ्यावर विश्वास ठेवायला एकही माणूस नव्हता. मला हुंदका आला. तर कुणीतरी म्हणालं, बघा, रडायचं पण नाटक येतं हिला.

तेवढ्यात घड्याळवाल्याचा नातू पळत आला, म्हणाला, "टोपलीवाल्या आजी खिडकीतून ओरडतायत. सगळ्यांना बोलावलंय."

सगळे गेले. वही घेऊन मावशी, कोट घालून काका (हो, आज परत कोट), ते सहाजण, ती कुंपणावरची जोडी पण. आपल्या गल्लीत, खिडकीखाली, पन्नास-साठ माणसं माना वर करून उभी. आई खिडकीत. अंगावर तुझी शाल. इतक्या लोकांना तिनं वर्षभरात पाहिलं नव्हतं.

मावशी खालून ओरडल्या, "वहिनी, काय पाहिलं तुम्ही?"

"मळ्याकडून ठोकल्याचा आवाज आला, मग पावणेसहाला टोपली हलली," आई म्हणाली. "मी बघितलं तर कुणीतरी काहीतरी ठेवत होतं. चष्मा नव्हता लावलेला. तोंड नाही दिसलं. पाठ दिसली."

"पाठीवरून काय कळतं?"

"तुम्हाला नाही कळणार."

काका म्हणाले, "वहिनी, रागावू नका, पण ही पोरगी भावाचा शर्ट घालून..."

"थांबा," आई म्हणाली, आणि टोपली खाली सोडली.

टोपलीत नऊ वांगी होती. तुझ्या वाफ्यातली. आई वरून म्हणाली, "देठ बघा."

मावशींनी एक उचललं. काकांनी एक. सोनाराच्या दुकानात बघतात तसं सगळे फिरवून फिरवून बघायला लागले. प्रत्येक वांग्याला बोटभर देठ, सुरीनं तिरका कापलेला, झाडाला इजा न करता. मावशी हळूच म्हणाल्या, "हे हिचं काम नाही, हिच्या भावाचं आहे." आणि मग सगळेच म्हणायला लागले, नाही, नाही, ही तर ओरबाडते. तीन वर्षं हिची वांगी बघतोय, एकाला धड देठ नसतो, अर्धी फांदी बरोबर येते. दादा, माझ्या गलथानपणाचं एवढं कौतुक कधी झालं नव्हतं. मी सुटले, का तर मला वांगं तोडता येत नाही म्हणून.

मावशींनी वर बघून विचारलं, "हाक का नाही मारलीत हो त्याला?"

आई म्हणाली, "हाक मारली असती तर पळाला असता. लहानपणापासून असाच आहे."

मावशींनी वही भिंतीला टेकवून लिहिलं. साक्षीदार, आई. मग मागचं पान काढलं, जिथे माझं नुसतं नाव होतं, आणि विचारलं, पुढे काय लिहू? मी म्हटलं, यादीत टाका, विसावं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि टाकलं. एकोणीस घरांनंतर माझा नंबर. तोपर्यंत देठ शिकते.

परत मळ्यात गेलो. बाबांनी वाफ्याशी चपला काढल्या. आत पाय ठेवला. थोडा वेळ नुसतेच उभे राहिले, पाण्याचा अंदाज घेतात तसे. मग हातोडी घेऊन खालच्या वाफ्यावर गेले आणि त्याची खुंटी ठोकली. वाकताना त्यांना त्रास झाला, मी धरायला गेले तर म्हणाले, "सोड, कार्टे." त्यानं त्याच्या खालच्याची. अकरा वाजेपर्यंत रस्त्यापर्यंत सगळ्या उभ्या.

बाबा तुझ्याबद्दल काहीच बोलले नाहीत. फक्त तुझ्या बुजगावण्याचा शर्ट काढून आणला, धुतला आणि खिडकीत वाळत घातलाय. कोरडा होईल तासाभरात. ऊन चांगलं आहे.

आता ऐक. तुझ्याकडे जाणारी बस दिवसाला एकच, संध्याकाळी सातची. म्हणजे तू अजून इथेच कुठेतरी आहेस. कुठे ते मी शोधत नाही, मी काही बोलले तर कुणी विश्वास ठेवत नाही. म्हणून हे पत्र पोस्टात टाकत नाहीये. टोपलीत ठेवून खाली सोडतेय. बेडूक ठेवलेला नाही, बघून घे.

आई रोज दोर खिडकीच्या गजाला बांधते. आज बांधलेला नाही. हातात धरून बसलीय, मी म्हटलं हात दुखेल तर ऐकत नाही.

लिफ्ट नाहीये, दादा. तीन जिने चढूनच यावं लागतं. आणि तेवढं नसेल जमत तर खालून दोराला एक हिसका दे. तिला कळेल.